सहा फूट तीन (बुटासकट)

भारतात बास्केटबॉल खेळून पोट भरायचं तर एकच सरळ वाट आहे, स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी. रेल्वे, ओएनजीसी, इन्कम टॅक्स, सैन्यदलं, चेन्नईच्या बँका. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी टेबलावर सह्या, वर्षातून दोन-चार स्पर्धा आणि साठीला निरोपसमारंभात शाल-नारळ. आमच्या बाबांच्या मते याच्या पलीकडे खेळाला प्रयोजन नाही. मी परदेशात जाऊन खेळणार असं जाहीर केलं, तेव्हा त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता सुचवलं, "इंडियन ओव्हरसीज बँकेत अर्ज कर. टीम चांगली आहे आणि नावात ओव्हरसीज आहेच."

कोट्याच्या ट्रायलला मी आधीच जाऊन आलो होतो, हे त्यांना ठाऊक होतं. तिथं माझ्यापुढे नेहमी दोन प्रकारचे लोक असत: माझ्याहून उंच आणि माझ्याहून चपळ. काही हरामखोर दोन्ही असत. मी नागपूरचा. आमच्याकडे बास्केटबॉलला तोटा नाही. शिवाजीनगर जिमखान्याच्या कोर्टवर संध्याकाळी चक्कर मारली तर हातात चेंडू घेऊन जन्मल्यासारखी पोरं दिसतात. त्या गर्दीतून मी ज्युनिअर नॅशनलपर्यंत पोचलो होतो. तिथं खेळलो असं मी सांगतो. म्हणजे संघासोबत गेलो, वॉर्म-अपला सगळ्यांत जास्त ले-अप मारले आणि सामना वीस-पंचवीस गुणांनी आपला झाला किंवा गेला की शेवटच्या दोन मिनिटांत कोचची नजर बाकावर माझ्यापाशी येऊन थांबायची. उंची पाच फूट अकरा. लग्नाच्या बायोडेटात ही उंची ठळक अक्षरांत छापतात, बास्केटबॉलच्या बायोडेटात ती लपवायची असते.

तरी परदेश डोक्यात शिरला, त्याला कारण होतं. बास्केटबॉल म्हणजे एनबीए, असं आपण समजतो. पण युरोप, पश्चिम आशिया, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका इथं ठिकठिकाणी पगारी लीग आहेत, आणि त्या लीगमध्ये एनबीए टीव्हीवरच पाहणारे हजारो खेळाडू पोट भरतात. एका हंगामाचा करार, राहायला फ्लॅट, जाण्यायेण्याचं तिकीट. हंगाम संपला की बॅग उचलायची, पुढच्या वर्षी नवा देश, नवी जर्सी, शिव्यांची नवी भाषा. यांना स्टार म्हणत नाहीत. अशा फिरस्त्या खेळाडूला मोठी प्रतिभा लागत नाही, मजबूत गुडघे आणि हलकं सामान लागतं, असं मी कुठंतरी वाचलं आणि मला वाटलं, हे आपलंच वर्णन आहे.

आपल्या लोकांचीही उदाहरणं होती. केरळची गीतू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियात रिंगवुड हॉक्सकडून खेळून आली होती, २०११ मध्ये तिने अमेरिकेत डब्ल्यूएनबीएच्या संघांपुढे चाचण्याही दिल्या. २०१५ मध्ये पंजाबच्या बल्लो के गावच्या सतनामसिंगला एनबीएच्या डॅलस मॅव्हरिक्सने ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर उचललं. २०१७ मध्ये अमृतपालसिंग सिडनी किंग्जकडे गेला, अमज्योतसिंग अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे. हे सगळं मी बाबांना पाठ म्हणून दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "सतनामची उंची किती?" सात फूट दोन. "अमृतपालची?" सात फुटांना टेकलेली. मग ते आईला म्हणाले, "याला दूध कमी पडलं का गं?" आईने तो प्रश्न माझ्या आजीवर ढकलला आणि विषय वेगळ्याच दिशेला गेला.

एजंट मला फोनवर भेटला, आणि फोनवरच राहिला. व्यवसायाचे नियम त्याला पाठ होते. कुठले पाळायचे नाहीत ते माहीत असायला पाठ असावेच लागतात. युरोपात एजंटला साधारण दहा टक्के मिळतात आणि ते बहुतेक वेळा क्लबच देतो, करार झाल्यावर. माझा करार झालेला नव्हता, तेव्हा शून्याचे दहा टक्के किती होतात हे त्याने मला आधी सांगितलं: पंचवीस हजार रुपये. शिवाय 'लेटर ऑफ क्लिअरन्स'चे वेगळे. एका देशाच्या संघटनेतून दुसऱ्या देशात खेळायला जाताना फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या नियमानुसार हे पत्र लागतं खरं, पण ते दोन देशांच्या संघटनांनी आपसात उरकायचं असतं. माझ्या एजंटाने त्याला 'फॉरेन फाइल' असं नाव ठेवलं होतं आणि फाइल म्हटल्यावर सरकारी घरातल्या मुलाचा हात आपोआप खिशाकडे जातो.

उंचीचा रकाना त्यानेच भरला. सहा फूट तीन. मी कुरकुर केली तर म्हणाला, "बूट घालूनच खेळणार ना?" चार इंचांची टाच असलेले बास्केटबॉलचे बूट मी पाहिले नव्हते, पण हा माणूस परदेशाशी व्यवहार करतो, तिकडे मिळत असतील, असं मी मनाशी म्हटलं.

व्हिडिओ मात्र आमच्या घरचा. क्लबवाले हल्ली खेळाडू आधी व्हिडिओत बघतात, दोन-तीन मिनिटांचा, चांगल्या चांगल्या गोष्टींचा. माझा मामेभाऊ लग्नांचं शूटिंग करायचा. त्याने मनापासून काम केलं. मी ड्रिबल करत येतो तेव्हा पडद्याच्या चारी कोपऱ्यांतून गुलाबाच्या पाकळ्या येतात. थ्री-पॉइंटर सुटतो तेव्हा चेंडू हवेत गोठतो, त्याच्याभोवती बदामाचा आकार उमटतो आणि सनई वाजते. मी म्हटलं, "सनई काढ बे." तो म्हणाला, "फीलिंग आहे भाऊ त्याच्यात." शेवटी माझा डंक होता. हो, डंक. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर असते. मिनी बास्केटबॉलची, लहान पोरांची, २.६० मीटर असते. आम्ही एका प्राथमिक शाळेत रविवारी सकाळी गेलो. मामेभावाने कॅमेरा इतका खाली लावला की मागचं बालवाडीचं घसरगुंडी-झोपाळ्याचं साम्राज्य दिसू नये. मी दोन्ही हातांनी रिंगला लोंबकळलो. रिंगही थोडी खाली आली. ती आम्ही नंतर दगडाने ठोकून सरळ केली.

एजंटचा निरोप आला, जयपूरला चला. इंटरनॅशनल एक्सपोजर कॅम्प, परदेशी क्लबांचे प्रतिनिधी स्वतः येणार, निवड जागेवर. फी वेगळी. जयपूरच का, असं मी विचारलं नाही. राजस्थानचं बास्केटबॉलमधलं नाव जुनं आहे आणि २०२२ मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगची एक फेरीही जयपूरला झाली होती. पुढच्या वर्षीचा मे महिना होता. राजस्थानात मेमध्ये उन्हात कॅम्प कोण घेतो, हाही प्रश्न मला पडला नाही. आईने लसणाची चटणी, चकल्या आणि मेतकूट बांधून दिलं. "परदेशी माणसं असतील, तिखट जपून दे," असंही सांगितलं.

चेन्नईहून जयपूरला जाणारी एक्स्प्रेस नागपूरवरून जाते. मला अप्पर बर्थ मिळाली. जगात मला उंच म्हणून मान मिळण्याची ती एकमेव जागा. पाय बाहेर आले की येणारा-जाणारा डोकं आपटून म्हणायचा, "भाईसाहब, लंबे हो." रात्रभर माझी छाती फुगलेली होती. वाटेत कोटा लागलं. अर्जुन पुरस्कार (१९६७) मिळवणारे खुशीराम इथल्या श्रीराम रेयॉन्सकडून खेळत, त्या काळी हे गाव बास्केटबॉलवाल्यांच्या तोंडी असे. आता तिथं उतरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पाठीवर आयआयटीची पुस्तकं असतात आणि सोबत वडील. एका वडिलांनी मला विचारलं, "बेटा, कौन-सी कोचिंग?" मी बास्केटबॉल म्हणालो. त्यांनी मुलाला माझ्यापासून दोन पावलं दूर घेतलं.

कॅम्प सांगानेरच्या बाजूला एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर होता. प्रवेशद्वाराशी मांडववाल्याकडून आणलेला भलामोठा कूलर होता, लग्नात नवरदेवाच्या सोफ्याशेजारी असतो तसला, आणि तो आयोजकांच्या टेबलाकडे तोंड करून लावलेला होता. नावनोंदणीत उंची मोजायची होती. बालवर्गातला जिराफाचा तक्ता भिंतीवर होता, पण जिराफ पाच फुटांवर संपत होता. पुढचं ज्याचं त्याने सांगायचं. माझं सहा फूट तीन कोणी नाकारलं नाही. माझ्या मागे हरियाणाचा एक पोरगा होता, त्याच्या छातीला जिराफाचे कान लागत होते. त्याने स्वतःची उंची सहा-सात सांगितली आणि माझ्याकडे एकदा वरून खाली पाहिलं. खालपर्यंत पाहायला त्याला वेळ लागला नाही. रांगेत बारा वर्षांचा एक गुटगुटीत मुलगाही होता. त्याची आई टेबलावर भांडत होती, "उंची वाढेल म्हणून डॉक्टरांनी बास्केटबॉल सांगितलं आहे, तुम्ही गॅरंटी द्या."

सकाळी सहालाच कोर्ट तापू लागलं. नऊला बुटांच्या तळव्याला चटके. मध्ये एक मोर येऊन बोर्डावर बसला आणि जाईना. जयपुरात मोराला हुसकावायचं नाही, असं ठरलेलं असावं, कारण सगळे हात बांधून थांबले. मग तो आला. परदेशी प्रतिनिधी. सहा फूट नऊ, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, खांद्यावर चाकं निखळलेली बॅग. लिथुआनियाचा. तीस लाखांहून कमी वस्तीच्या या देशाने १९९२, १९९६ आणि २००० अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक ब्राँझ मिळवली आहेत. आपण एकदाच ऑलिंपिक खेळलो, १९८० ला मॉस्कोत, आणि एकही सामना न जिंकता परत आलो. तेव्हा त्या देशाचा माणूस आपल्याला बघायला येतो म्हणजे काय! मी पुढे होऊन हात मिळवला, "सर" म्हटलं, व्हिडिओची पेनड्राइव्ह त्याच्या हातात ठेवली. त्यानेही खाली वाकून मला "सर" म्हटलं आणि स्वतःची पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवली. युरोपची काही पद्धत असेल, असं समजून मी ती खिशात टाकली.

मग सामना. तो समोरच्या संघात सेंटर. वाटलं, जवळून पारख करतोय. मी जिवाच्या आकांताने खेळलो. माझा डावा हात देवाने तोल सांभाळण्यापुरताच दिलेला आहे, त्यानेही त्या दिवशी एक पास दिला. तिसऱ्या क्वार्टरला तो चेंडू घेऊन रिंगकडे निघाला. आता चार्ज घ्यायचा, असं ठरवून मी पाय रोवून छाती पुढे करून उभा राहिलो. पुस्तकातल्यासारखा. तो उडाला. मला फक्त आभाळ झाकल्यासारखं झालं. चेंडू रिंगच्या कडेवर आपटून बाहेर गेला आणि तो अख्खा, सामानासकट म्हणावा तसा, माझ्या उजव्या पावलावर उतरला. शिट्टी वाजली. फाउल माझाच.

घोटा डाळिंबाएवढा झाला. आयोजकांकडे बर्फ होता, पण तो सरबतासाठी. लिथुआनियनने मला उचलून रिक्षात घातलं, स्वतः घडी घालून शेजारी बसला. रिक्षावाल्याने आरशातून माझा पाय पाहिला आणि निर्धास्तपणे म्हणाला, "पैर की चिंता मत करो भाईसाहब, जयपुर में हो." खरंच आहे. इथल्याच सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमाराला रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी रबराचा तो कृत्रिम पाय, 'जयपूर फूट', घडवला, ज्यावर माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी चालतो. नर्तकी सुधा चंद्रन त्यावर नाचली. रिक्षावाल्याने हे सगळं सांगितलं, वर म्हणाला, "एकदम हलका पडतो. तुम्ही अजून उंच उडाल." एक्स-रेत हाड शाबूत निघालं तेव्हा तो बाहेर थांबला होता आणि मला वाटतं, थोडा नाराज झाला.

एम. आय. रोडवर आम्ही कुल्हडातली लस्सी घेतली. त्याचा हात एवढा की कुल्हड दिसतच नव्हतं, तळव्यातून साय खातोय असं वाटायचं. मी धीर करून विचारलं, "सर, माझं काही जमेल का?" तो म्हणाला, "तेच तुला विचारायचं होतं." मग हळूहळू उलगडलं. त्याच्या एजंटाने त्याला सांगितलं होतं: जयपूरला भारतीय संघांचे मालक स्वतः येणार, निवड जागेवर. त्यानेही फी भरली होती, युरोत. सकाळी सगळ्यांच्या पुढे येऊन रुबाबात हात मिळवणारा, उन्हाचा काळा चष्मा लावलेला, जरा कमी उंचीचा माणूस म्हणजे मालकच, असं त्याने धरलं होतं. म्हणून तो माझ्या अंगावरून उडी मारत होता. मला प्रभावित करायला.

फिनलंड, रोमानिया, लेबनॉन, कझाकस्तान, असं बरंच फिरून झालं होतं त्याचं. कुठं फ्लॅटमध्ये हीटर नव्हता, कुठं पगार 'पुढच्या शुक्रवारी', आणि तो शुक्रवार दर आठवड्याला यायचा. असल्या थकबाकीसाठी फिबाने २००७ मध्ये लवाद काढला आहे, जिनिव्हात बसतो. एका क्लबविरुद्ध तो तिथं जिंकलाही होता. मग पैसे मिळाले? "नाही," तो म्हणाला, "क्लब मेला." पेनड्राइव्हवर त्याचा व्हिडिओ मी नंतर पाहिला. पाकळ्या नव्हत्या, बदाम नव्हता. एक दमलेला माणूस सारखा स्क्रीन लावतो, रिबाउंड काढतो, चेंडू दुसऱ्याला देतो आणि परत धावत येतो. इतका साधा की मी मामेभावाला दाखवलाच नाही. त्याला वाईट वाटलं असतं. संध्याकाळी खोलीवर आईची लसणाची चटणी त्याच्यापुढे ठेवली. त्यांच्याकडे काळ्या पावाचे तळलेले तुकडे लसूण चोळून खातात म्हणे. त्याने चटणी पावावर थापली, डोळ्यांत पाणी आलं, आणि बाटली बॅगेत टाकली. माझी परवानगी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी कॅम्पला गेलो तर टेबल नव्हतं, माणसं नव्हती, कूलरवाला कूलर टेम्पोत चढवत होता आणि भाड्याचे पैसे आम्हालाच मागत होता. सर्टिफिकेटं मात्र शिपायाकडे ठेवलेली. गुटगुटीत मुलालाही मिळालं. त्याच्या आईने शिपायाला भिंतीशी उभा करून जिराफ दाखवला.

गाडी रात्रीची. मी लंगडत, तो वाकत, असे आम्ही सिटी पॅलेस बघायला गेलो. तिकिटाच्या रांगेतच लोकांनी त्याच्यासोबत फोटो काढायला सुरुवात केली. मी फोटो काढून देणारा. मुबारक महालात पहिल्या सवाई माधोसिंहाचा अंगरखा काचेआड मांडला आहे. हा राजा १७५० ते १७६८ गादीवर होता. सात फुटांच्या आसपास उंच, चार फूट रुंद, अडीचशे किलो, असं गाईड सांगतात, आणि कापड पाहिलं की खोटं वाटत नाही. त्या घेरात आमचा ज्युनिअरचा संघ राखीव खेळाडूंसह मावला असता. लिथुआनियन काचेपुढे उभा राहिला. व्यावसायिक नजरेने खांद्यांची रुंदी, हाताची लांबी बघून म्हणाला, "सेंटर?" मी म्हटलं, "राजा." तो म्हणाला, "एजंट कोण होता?"

प्रश्न गमतीचा होता, उत्तर होतं. या माधोसिंहाला गादी मिळावी म्हणून मल्हारराव होळकरांनी सैन्य उतरवलं होतं, आणि गादी मिळाल्यावर पैशांवरून बिनसलं. जिनिव्हाचा लवाद तेव्हा नव्हता. १७५१ च्या जानेवारीत जयपूर शहरात मराठ्यांचं जे झालं, ते विनोदी लेखात घालण्याजोगं नाही. तेवढंच सांगतो की कमिशनसाठी जयपूरला आलेल्या मराठ्यांपेक्षा कमिशन देऊन आलेला मराठी माणूस बराच सुखरूप परतला.

पुढे दिवाण-ए-खासमध्ये चांदीचे दोन रांजण आहेत, प्रत्येकी सुमारे ३४५ किलोचे, चार हजार लिटर पाणी मावणारे. १९०२ मध्ये दुसरे माधोसिंह सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला इंग्लंडला निघाले तेव्हा परदेशात प्यायला गंगाजल हवं म्हणून हे नेले. बोट भाड्याने घेतली होती. माझा मित्र रांजणाभोवती एक चक्कर मारून आला. "एक्स्ट्रा बॅगेज कोणी भरलं?" मी म्हटलं, स्वतः. तो बराच वेळ मान हलवत राहिला. त्याच्या धंद्यात असा खेळाडू झाला नव्हता.

स्टेशनवर त्याने माझ्या एजंटचा नंबर मागितला, मी त्याच्या एजंटचा घेतला. गाडी सुटल्यावर दोन्ही नंबर ताडून पाहिले. शेवटचे दोन आकडे सोडले तर एकच.

तो आता मंगोलियात खेळतो. पगार कधीकधी होतो. चटणी संपली म्हणून मधून मधून मेसेज येतो. मी नागपुरात उन्हाळी शिबिर घेतो, सहा ते चौदा वयोगट. बॅनर दोस्तांनी परस्पर छापून आणला, त्यावर माझ्या नावापुढे 'आंतरराष्ट्रीय अनुभव' असं आहे. मी तो बदलायला लावला नाही, छपाईचे पैसे गेले असते. पालक विचारतात, "सर, बाहेर कोणाविरुद्ध खेळलात?" लिथुआनियाच्या सहा फूट नऊच्या सेंटरविरुद्ध, आणि त्याचा बास्केट मी होऊ दिला नाही. हे अक्षरशः खरं आहे. उंची वाढेल का, असंही विचारतात. वाढते म्हणतो, बुटांवर अवलंबून आहे. फी आगाऊ घेतो. पोरांना ऊन लागू नये म्हणून मांडववाल्याकडून कूलर आणला आहे. सध्या तो माझ्या टेबलाकडे तोंड करून आहे, कारण वायर तेवढीच पुरते.